कोणाचं बघून लिहिलंस?

शर्टाच्या कारखान्यात ती काजं करायची, म्हणून सगळे तिला काजाबाई म्हणत. दिवसाला हजारभर काजं, पण एक तिरकं निघेल तर शपथ. सुपरवायझर नव्या मुलींना तिच्या मशीनपाशी आणून म्हणायचा, "हिचं बघून शिका." मुली बघायच्या आणि काजाबाईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कौतुक तिच्या अंगी लागतच नसे.

त्याला कारण होतं. नववीत तिला गणितात पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले होते. आई चार घरची धुणीभांडी करायची, हिच्या चपलेला पिन लावलेली. सरांनी पेपर हातात दिलाच नाही. "कोणाचं बघून लिहिलंस?" म्हणाले, आणि पेपरातलंच एक गणित सगळ्यांसमोर फळ्यावर सोडवायला लावलं. तिनं खडू हातात घेतला. पहिली पायरीसुद्धा आठवेना.

"बघा, उघडं पडलं पितळ!"

वर्ग खो खो हसला. घरी ती चकार शब्द बोलली नाही. पुढे पुढे तर तिलाच वाटू लागलं, बघितलंही असेल आपण कोणाचं तरी. दहावीनंतर शिक्षण सुटलं, आणि का सुटलं हे कोणी विचारलं नाही.

आता घरी नवरा आणि चौदा वर्षांची एकुलती लेक. एका संध्याकाळी ती धावत घरात आली. "आई, विज्ञानात सेहेचाळीस! वर्गात पहिली! सही कर ना."

आई भांडी विसळत होती. तिच्या तोंडून निघालं, "कोणाचं बघून लिहिलंस?"

शब्द निसटून गेले होते. आवाज तिचा होता, वाक्य सरांचं. लेक रडली नाही, भांडली नाही. पेपरची घडी घालत एवढंच म्हणाली, "राहू दे सही."

तेव्हाच जवळ घ्यायला हवं होतं. पण आईनं लेकीपुढे काय कान धरायचे, म्हणून ती भांडी विसळत राहिली. दोन आठवडे तसेच गेले.

पालकसभेत विज्ञानाच्या बाईंनी तिला थांबवलं. "शिष्यवृत्तीच्या परीक्षेतून नाव काढून घेतलंय तिनं. मला काही येत नाही, म्हणते. घरी काही झालं का?"

मागे सात-आठ पालक रांगेत उभे. नाही म्हणणं किती सोपं होतं! मान वर न करता काजाबाई म्हणाली, "झालं, बाई. मीच तिला चोर ठरवलं."

बाईंनी नाव पुन्हा लिहून घेतलं.

शाळेच्या फाटकाशी थांबलेल्या लेकीला तिनं परत येताना सगळं सांगितलं. सर, खडू, हसणारा वर्ग. लेकीनं विचारलं, "मग तुला ते गणित येत होतं की नव्हतं?"

"येत होतं," काजाबाई म्हणाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"मग मला का तसं बोललीस?"

काजाबाई खाली बघत घराकडे चालू लागली.

लेकीनं परीक्षा दिली, शिष्यवृत्तीही मिळाली. पुढे रक्त तपासायच्या लॅबचं शिकायचं म्हणते. निकालाचा कागद मात्र ती अजून आधी बाबांच्या हातात देते. काजाबाई ओट्यापाशी उभी राहते, आणि हाक आली तरच पुढे होते.