अण्णांच्या खाटेखालचा पॅक

आम्ही राहतो त्या के. आर. पुरममध्ये वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि माझ्या वडिलांचा, अण्णांचा, श्वास त्या विजेवर चालायचा. फुप्फुसं थकलेली, नाकात नळी, नळीला ऑक्सिजनचं मशीन. वीज गेली की मशीन खाटेखालच्या बॅटरी पॅकवर चालायचं. तो पॅक दगा द्यायला लागला तेव्हा मी म्हटलं, बाहेर कुणाकडे द्यायचा नाही, मीच दुरुस्त करते. बोम्मसंद्र्याला पॅक बनवतात त्या कारखान्यात मी तपासणीवर आहे. दुसऱ्यांच्या कामात खोट काढायचाच मला पगार मिळतो.

बॅटरीचे सेल सगळे नवे, एकाच जातीचे घेतले. प्रत्येकाच्या डोक्यावर वीज अडवणाऱ्या इन्सुलेशनच्या कागदाची चकती बसवली. साहेबांना विचारून सेल जोडणाऱ्या पट्ट्या कारखान्यातल्या मशीनवर वेल्ड करून आणल्या. दिवसभर गॅलरीत चालवून पाहिला. तरी जिवाला स्वस्थता म्हणून नाही. कारखान्यात माझ्या कामावर आणखी कुणीतरी नजर टाकतं. इथे कोण टाकणार? घरी आले की चपला काढायच्या आधी खाटेखाली वाकायचे आणि पॅकला हात लावायचे. गार लागला की बरं वाटायचं. पाणी प्यायला गेले की वाटायचं, नीट लावला होता ना हात? पुन्हा वाकायचे. आई वैतागायची, भिंगरीसारखी काय फिरतेस, बस की स्वल्प, घटकाभर.

मग दसऱ्यातली यंत्रांची पूजा, आयुधपूजा आली. कारखान्यात आम्ही मशीनवर कागद चिकटवतो आणि कुंकू त्या कागदाला लावतो. आईची पद्धत ओली. प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पुडी घेऊन घरी आले, सवयीने वाकले, तर पॅकभर हळदीकुंकवाचे ओले पट्टे, हवेच्या फटींत शेवंती खोचलेली आणि वरून शिंपडलेलं पाणी त्याच फटींतून आत चाललेलं. अण्णांनीच हौसेनं करवून घेतलं होतं. माझं टाळकंच सरकलं. तोंडाला येईल ते बोलले. आई रडवेली झाली. ज्याच्यावर ह्यांचा श्वास चालतो त्याला हात जोडायचे नाहीत का, म्हणाली. मी पॅक उचलून गॅलरीत नेला, झाकण उघडलं. आतले कागद भिजले होते.

आणि वीज गेली.

हाताशी असायचा तो ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर भरायला दिलेला, दुकान सणाचं बंद. अण्णा उशी पोटाशी धरून पुढे वाकले. ओठ काळपट पडायला लागले. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, तर ती वाटेतल्या पुलाजवळ गर्दीत अडकलेली. आईनं माझा दंड धरला.

"जोड गं तो. इतके दिवस चालला, आत्ता थोडा वेळ चालेल."

"आत ओला आहे. शॉर्ट होऊन पेटला तर अण्णांच्या खाटेखालीच पेटेल, आई. मी नाही जोडणार."

आपण आपल्या बापाला मारतोय असं वाटत होतं. खिडकीशी जायचे, दाराशी जायचे, परत यायचे, अण्णांची पाठ चोळणाऱ्या आईकडे बघवत नव्हतं.

वीज आली. मशीन घरघरायला लागलं, अण्णांची छाती हळूहळू ठिकाणावर आली. मी काय केलं? सरळ गॅलरीत धावले आणि पॅकला हात लावला. वास घेतला. परत येऊन सांगितलं, गार आहे, काही झालेलं नाही.

अण्णांनी नाकातली नळी सारखी केली.

"अगं, एकदा मला पण हात लावून बघ की."

मी त्यांचा हात हातात घेतला. तोही तसाच गार होता, पण ह्या वेळी बरं वाटलं नाही.