शिडी कुणी सोडली

तंत्रनिकेतनाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत ती अठरा वर्षं सहायक होती. कप्प्या पुसायच्या, वजनं मोजून पेटीत ठेवायची, स्प्रिंगकाट्याचा काटा शून्यावर आणायचा, हे तिचं काम. शिकवायला सर यायचे. पण तेच तेच ऐकून तीही सरांइतक्याच सफाईने बलांच्या आकृत्या काढायला शिकली होती. वस्तूची नुसती रेघ मारायची आणि तिला कोण कुठून ढकलतंय, कोण ओढतंय, तेवढे बाण दाखवायचे. मुलं पाठीमागे तिला ‘बाणबाई’ म्हणायची.

स्वभाव मात्र संशयी. दुकानदार वजन करताना ती त्याच्या अंगठ्याकडे बघायची. कुलूप लावलं की तीनदा ओढायची आणि जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा.

तिचा नवरा रंगारी. तो आणि त्याचा धाकटा भाऊ मिळून कामं घ्यायचे. एका मंगळवारी दुपारी प्रयोगशाळेत फोन आला: एका दवाखान्याच्या वेटिंग रूमला रंग देताना नवरा शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं.

ती इस्पितळात पोचली तेव्हा तो स्ट्रेचरवर होता. पहिलं वाक्य बोलला ते हे, “त्यानं शिडी सोडली.”

धाकटा बाहेर बाकावर बसला होता. तिला पाहून उठला. “वहिनी, शप्पथ सांगतो, मी धरून होतो.”

पण त्याच दिवशी सकाळी चहा पिताना दोघा भावांची जुंपली होती, ते तिनेच स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. धाकट्याला वेगळं व्हायचं होतं, स्वतःची कामं घ्यायची होती. “मी नसलो तर तुला कोण विचारतंय?” असं नवरा म्हणाला होता. आणि त्यानंतर चार तासांत हे.

ऑपरेशन होऊन नवरा घरी आला, पलंगाला खिळला. धाकटा रोज संध्याकाळी यायचा. फळं आणायचा, उशी नीट करायचा, आंघोळीला उचलून न्यायचा. तिला ते बघवेना. एवढी सेवा कशापायी? शिडीचा विषय निघाला की हा नेमका पाणी आणायला उठायचा. भावाच्या नजरेला नजर देत नव्हता. एकदा तिने मुद्दाम म्हटलं, “भावजी, तुमचे हात घामट आहेत का हो?” तो हात पुसत नुसता उभा राहिला.

एका रविवारी ती त्याच्या घरी जाऊन शिडी पाहून आली. खालचे रबराचे बूट शाबूत होते, नवेच म्हणा ना. तिचा संशय आणखी पक्का झाला. कोरड्या फरशीवर रबर सरकेल कशाला? कुणी काही केल्याशिवाय?

त्याच दुपारी जेवणाच्या टेबलावर तिने आकृती काढली. भिंतीला टेकलेली तिरपी रेघ म्हणजे शिडी. नवऱ्याचं वजन खाली. जमीन वर ढकलते. शिडी वरच्या टोकाने भिंतीला ढकलते, म्हणून भिंतही तिला तेवढ्याच जोराने उलट बाहेर ढकलते. आणि शिडीचे पाय बाहेर सटकू न देणारं एकच बल, जमिनीचं घर्षण. माणूस जसा वर चढतो तसा भिंतीचा बाण लांब होतो, घर्षणालाही तेवढंच लांब व्हावं लागतं. आता राहिला दिराच्या हातांचा बाण. तो कुठे काढायचा?

संध्याकाळी तिने त्याला विचारलं, “धरली होती तर नक्की कुठे धरली होती?”

त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. “इथे. भिंतीला दाबून.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने स्टोअरमधली एक फरशी आणली. लाकडी पट्टीच्या एका टोकाला रबर लावलं, काचेच्या कपाटाला ती तिरपी टेकवली आणि वर वजन बांधलं. आता बोटाने दाबून धरायची, मग बोट काढायचं. पट्टी सटकली की धाकट्याचा गुन्हा सिद्ध, असा तिचा हिशोब. तिने बोट काढलं. पट्टी हलली नाही. तिने वजन वाढवलं, आणखी वर सरकवलं. तरी नाही.

ती स्टुलावर बसली. धाकट्याने शिडी सोडली असती तरी ती पडायला नको होती! म्हणजे चूक हातांच्या बाणात नव्हती. घर्षणाचा बाण आखूड पडला होता. पायाखाली काहीतरी होतं.

तिने फरशीवर एक प्लास्टिकची पिशवी पसरली आणि पट्टी पुन्हा टेकवली. वरून बोटाने कितीही दाबा, पट्टी सर्रकन सटकायची. बोट अगदी तळाशी लावलं तरच थांबायची.

सुट्टी घेऊन ती थेट दवाखान्यात गेली. फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं.

“प्लास्टिक ना? होतं की! रंग सांडू नये म्हणून तुमच्या मिस्टरांनीच अंथरलं. मीच नंतर गुंडाळून टाकून दिलं.”

घरी येऊन तिने चपला काढल्या नाहीत. “अहो, शिडीखाली काय होतं?”

“जमीन,” नवरा म्हणाला.

“आणि जमिनीवर?”

तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मागच्या वेळी डाग पडले म्हणून डॉक्टरांनी चार शब्द ऐकवले होते. म्हणून अंथरलं.”

“मग भावजींचं नाव का घेतलंत?”

“पडताना खाली पाहिलं तर त्याचे हात रिकामे होते. मला तेवढंच दिसलं. प्लास्टिकचं नंतर आठवलं. पण तोवर तू त्याच्यावर चिडली होतीस आणि...” तो थांबला. “आणि मला ते बरं वाटत होतं.”

ती आकृती घेऊन दिराकडे गेली. तळाच्या पायरीवर पाय रोवून उभं राहायला हवं होतं, वर दाबून उपयोग नव्हता, हे त्याला दाखवलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“प्लास्टिकचं तुम्हाला माहीत होतं, मग बोलला का नाहीत?”

“दादा पाय मोडून पडलाय. त्याला तोंडावर सांगू, तुझीच चूक?” मग कागद तिच्याकडे सरकवत तो म्हणाला, “वहिनी, मी धरून होतो हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हाला कागदाचं पटलं. माझं नाही पटलं.”

“चुकलं माझं,” एवढंच ती म्हणाली आणि चहा न घेता निघाली.

रात्रीच्या जेवणाआधी तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

“तू जरा बाहेर जा,” तो म्हणाला.

“नाही.” तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. तो खरंच सांगतो की नाही, याची तिला खात्री नव्हती.

“मीच अंथरलं होतं रे ते,” तो अखेर फोनमध्ये म्हणाला. पलीकडून धाकट्याने विचारलं, “टाके कधी काढणार आहेत?”

पुढच्या महिन्यात धाकटा वेगळा झालाच. दादाला डॉक्टरकडे न्यायला मात्र तोच यायचा, आणि आता तो बोलताना भावाकडे सरळ बघायचा.