घुं येऊन राह्यली का?

आमच्या जाफराबादेत हट्टी माणसांची कमी नाही, पण माझ्या धाकट्या दिरांपुढे बाकी सगळे मेणाचे. जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या मिलमध्ये, त्यांनी आयुष्यभर जळालेल्या मोटरी भरल्या, म्हणजे आत नवी तांब्याची तार गुंडाळली. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा वाटलं, आता माणूस चार लोकांत बसेल. कसलं काय! गावातल्या गाण्याच्या पार्टीतला एकजण मुकी पडलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. भाऊजींनी जन्मात गिटार उघडली नव्हती. स्क्रू काढून पाहिलं, तर आत लोहचुंबकाला केसासारखी बारीक तार गुंडाळलेली. "वहिनी, हे तर मोटरीचं पिल्लू हाय!" असे ओरडले, आणि तेव्हापासून आमच्या पुढच्या खोलीत पाहुण्याला टेकायला जागा राहिली नाही. जिकडे पाहावं तिकडे गिटारी आणि त्यांचे बाक्से. अ‍ॅम्प्लिफायर म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून आमच्या घरी बाक्साच.

ती बारीक तार ते माझ्या शिलाई मशीनवर गुंडाळतात. बॉबिन भरायच्या चाकावर चुंबक बसवायचा आणि हजारो वेढे तोंडाने मोजायचे. मध्ये कुणी बोललं की आकडा चुकला, आणि चुकला की सगळं उलगडून पुन्हा एकपासून. एकदा मी "भाऊजी, चहा" एवढंच म्हणाले. ते चार हजारांच्या पुढे होते. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "मशीन माझी हाय. राग आला असंल तर बोटावर गुंडाळा." मुकाट्याने चहा प्याले.

त्यांचा खरा जीव मात्र अर्थिंगमध्ये. बोर्डात बसत नाही म्हणून लोक प्लगची तिसरी, जाडी, शॉक जमिनीत नेणारी पिन कापून टाकतात. भाऊजींच्या लेखी ते माणूस कापण्यासारखंच. अंगणात त्यांनी मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा केला आहे, आणि त्याला रोज तांब्याभर पाणी घालायचं काम माझं. आम्ही बौद्ध, आमच्या दारात तुळस नाही, तेव्हा शेजारणी विचारतात, "माय, रोज कोणाला पानी घालून राह्यलीस?" माझ्या मुलीसाठी घर पाहायला गेलो, तेव्हा भाऊजी खिशात टेस्टर घेऊन आले होते. एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्या हाताने टेस्टर फ्रिजला. टेस्टर पेटला. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पोरगा चांगला हाय, फ्रिज वाईट हाय. आधी अर्थिंग, मंग सुपारी." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण खड्डा खणला गेला, मगच सुपारी फुटली.

जयंतीच्या दिवशी ती गाण्याची पार्टी बाक्सा न्यायला आली. भाऊजींनी पाहिलं, त्यांनी बसवलेल्या नव्या प्लगची पिन पार्टीतल्या एकाने नेता नेता पुन्हा कापलेली. ते सरळ बाक्सावरच बसले.

"काका, मंडपात लोकं जमलेत. द्या ना जल्दी!"

"गाणारी पोरगी माईकला ओठ लावती. उद्या तिच्या मायला तोंड तू दाखवशील का मी?"

नवी पिन बसेपर्यंत ते उठले नाहीत. कार्यक्रम उशिरा झाला, शिव्या मात्र वेळेवर मिळाल्या.

गेल्या वर्षापासून त्यांना ऐकू येईनासं झालं. बाक्सा लावला की आतून जी भुणभुण येते, तिला ते घुं म्हणतात. ती कुठे हात लावल्यावर थांबते, त्यावरून बिघाड सापडतो. घुंच ऐकू येत नसेल तर दुरुस्ती कसली? आणि बहिऱ्याकडे गिटार कोण देईल? मग आमचं दोघांचं ठरलं. घुं असली की मी पदर डोक्यावर घ्यायचा, नसली की खांद्यावर. शेजारणी हसतात, धाकट्या दिरापुढे कोणी पदर घेतं का म्हणून. हसू देत.

त्यांचा मुलगा जालन्याला असतो. एका रविवारी आला आणि म्हणाला, "आप्पा, तुम्हाला बिलकुल ऐकू येत न्हाई. हे भंगारात देऊ आन् माझ्याकडं चला." कोपऱ्यातली एक गिटार त्याने बाक्साला जोडली. "यात काय बिघाड हाय, सांगा. न्हाई सांगता आला तर उद्या भंगारवाला आणतो."

मी दारात उभी होते. घुं जोरात होती. पदर डोक्यावर घेतला. भाऊजींनी तारांना हात लावला; घुं तशीच, पदरही तसाच. मग त्यांनी गिटारीत खोचलेल्या प्लगच्या लोखंडाला बोट लावलं. घुं बसली, मी पदर खाली घेतला.

"तारा टेकतात त्या घोडीखालची अर्थाची वायर तुटली," भाऊजी म्हणाले. उघडलं, तर बराबर तीच तुटलेली. मुलाने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मोठ्याई, तुला आज लई गरम होऊन राह्यलं का?"

"म्हातारीला कधी गरम, कधी थंड. तू जेवून जा."

जेवून गेला. भंगारवाला आला नाही.

परवा भाऊजींनी एक बाक्सा नीट करून लावला आणि विचारलं, "वहिनी, घुं येऊन राह्यली का?" मला येत होती. पदर घेतला. त्यांनी इथे हात लावला, तिथे लावला, वायरी हलवल्या, घुं काही थांबेना. शेवटी मी म्हटलं, "एकदा बंद करा बरं." त्यांनी बटण बंद केलं, पिनसुद्धा काढली.

घुं चालूच होती, माझ्याच कानात.

मी पदर खांद्यावर घेतला. "साफ हाय," म्हटलं, आणि तांब्या घेऊन खड्ड्याला पाणी घालायला गेले.