तागडीतली अटलांटा

अन्याय झाला तो माझ्या बहिणीच्या तिसऱ्या मुलीवर, तिच्या बारशाच्या सकाळी, पाळण्याला फुलं बांधून होण्याआधी. तो मोडून काढला माझ्या थोरल्या मामांनी. अख्ख्या सातारा-सांगलीत मामांइतकं बिनकामाचं ज्ञान बाळगणारा माणूस दुसरा नाही, असं मी छातीठोकपणे सांगत आले आणि आजही सांगते.

मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन सांगलीच्या विश्रामबागेत राहायला आले. बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर त्यांना ग्रीक देवादिकांच्या गोष्टींचं, पुढची-मागची पानं गेलेलं पुस्तक सापडलं होतं. दुसरं काही वाचायला नसल्यानं ते पाठच झालं. तेव्हापासून ज्याला नाव नाही ती वस्तू त्यांना उघडी दिसते. स्कूटर हर्मीस, कारण तो देवांचा निरोप्या. सोसायटीचा पंप सिसिफस, कारण सिसिफस अनंतकाळ धोंडा डोंगरावर चढवतो आणि धोंडा परत खाली येतो. हा पाणी चढवतो आणि टाकी गळते. आता वॉचमनही निमूट विचारतो, "सुभेदारसाहेब, सिसिफस बंद करू का?" कुणाच्याही घरी पाळणा हलला की मामा न बोलावता हजर. कडेगावात जुळ्यांसाठी सुचवलेली नावं ऐकून एका बापानं त्यांना चहा न देताच वाटेला लावलं. मामा म्हणाले, "चहा गेला, पण नाव त्याच्या डोक्यात राहिलं."

तर माण तालुक्यात बहिणीच्या सासरी त्या दिवशी दोन बारशी होती. जावेच्या मुलाचा दारात फ्लेक्स, हातापायांत, कमरेला चांदी. आमची पोरगी नुसत्या दुपट्यात. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "तिसरी बी पोरगीच. नकोशी ठिवा नाव, म्हंजी फुडं पोरगा हुतोय." हे नाव बंद करा म्हणून मी तालुकाभर पत्रकं वाटलेली, आणि तिथं बायका माझ्याच पत्रकांत घुगऱ्या बांधत होत्या. मी कडाकडा भांडले. बहीण पाळण्याची दोरी धरून खाली बघत राहिली.

मामांनी घसा खाकरला. "विहीणबाई, अटलांटा ठेवा."

"आवं पावनं, ह्ये काय औषिद हाय का?"

"ग्रीकांची पोरगी हाय. बापाला पोरगा पायजे हुता, म्हणून हिला डोंगरावर टाकली. अस्वलीनं दूध पाजलं. मोठी झाल्यावर अशी पळायची, की एकाबी गड्याला गाठता येईना. मग आला बाप, माझी लेक, माझी लेक करत."

"आन् नावाचा अर्थ?"

"वजनाला बरोबर. पटत नसंल तर तोलून बघा."

सासूबाईंनी उभा जन्म बाजारात कांदा विकलेला. त्यांची मोठी तागडी आढ्याला टांगलेलीच होती. मामांनी खाली वाकळ पसरली, पारड्यांत दुपटी घातली आणि दोन्ही बाळं दोन्हीकडे निजवली. मुलाचं पारडं खाली गेलं. सासूबाई हसल्या. मामा म्हणाले, "चांदी उतरवा." करदोटा निघाला, वाळे निघाले, तरी पारडं जरासं खालीच. मामांचा चेहरा पडला.

पण तिरकी दांडी सासूबाईंना जन्मात बघवलेली नाही. त्यांचा हात आपसूक पुढं गेला, उतरवलेले वाळे त्यांनी उचलले आणि पोरीच्या पारड्यात टाकले. दांडी सरळ झाली.

"आता बराबर," त्या बोलून गेल्या.

जावेनं वाळ्यांना हात घातला तशा म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तोल मोडंल." मग बहिणीकडे वळल्या. "काय गं ते नाव? दाखल्यावर नीट लिव्हून घ्या."

अटलांटा आता ते वाळे वाजवत अंगणभर धावते, पडते, पुन्हा धावते. मामांचे गुडघे गेलेत. हर्मीसला एवढं अंतर झेपत नाही, म्हणून ते एसटीनं येतात आणि ओट्यावर बसून तिची धाव बघतात. परवा हळूच म्हणाले, "ही शर्यतीला उभी राहीपर्यंत पुरायला पायजे मी."

"पुरताय की," सासूबाई म्हणाल्या. "च्या घ्या आदी."

तुमच्याही गल्लीत एखादी नकोशी असेल. उद्या तिच्या घरी जा, आईबापांना नाव बदलायला लावा. आणि ते बदलेपर्यंत तुम्ही तरी तिला त्या नावानं हाक मारू नका.