बाटलीतलं तुळशीचं पान

मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. बाबा जुन्या शहरात भिक्षुकी करतात, तरी आमच्या घरात भुताखेतांच्या, चमत्कारांच्या गोष्टींना कधी थारा नव्हता. "देव पुजावा, भुतं कायले पुजाची," असं बाबाच म्हणतात. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

गेल्या वर्षी अमरावतीच्या एका खाजगी दवाखान्यात बाबांच्या अन्ननलिकेतली गाठ काढली. पाचव्या दिवशी आतली शिवण गळायला लागली. थुंकीसुद्धा छातीत उतरत होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्टेंट बसवला — गळकी जागा आतून झाकणारी जाळीची नळी. छातीतला स्राव बाहेर काढायला वेगळी नळी, तिच्या टोकाला बंद बाटली. अन्न पोटातल्या नळीतून. तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, छातीत पू होऊन माणूस हातचा जाईल, असं मला तीनदा बजावलं. सोबतीला मी एकटीच. ओल्या कापसानं बाबांचे ओठ पुसायचे आणि बाटलीकडे बघत बसायचं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, काहीच होत नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी दहाला सिस्टर बाटली बघायला आली आणि थबकली. नेहमीच्या मळकट स्रावाऐवजी नितळ पाणी उतरलं होतं. नळीला आतून तुळशीचं एक बारकं पान चिकटलेलं.

"ताई, काय पाजलं तुमी यायले?"

काही नाही म्हटलं. खरंच नाही, मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नव्हते. बाबांनी डोळे उघडले. जेमतेम आवाज फुटला.

"तीर्थ देल्लं... तुह्या आईनं."

आई अकोल्यात होती. घरी.

डॉक्टर चिडले. लगेच छातीचा एक्स-रे काढला, तर स्टेंट खाली सरकलेला, भोक उघडं. दुपारीच दुसरा बसवला. मग शांत होऊन म्हणाले, उद्यापासून तोंडाने पातळ सुरू करणार होतो, ते सगळं छातीत गेलं असतं. बाटली सिस्टरनं बदलून टाकली. केसपेपरवर लिहिलं — नातेवाइकाने तोंडाने पाणी दिले. सही मी केली. वाद घालायचं त्राणच नव्हतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, पूजा झाल्यावर बाबांच्या रिकाम्या पाटापुढे पळीभर तीर्थ सोडलं, 'घ्या' म्हटलं. पाणी बंद आहे ना त्यांचं, मी म्हटलं. "तीर्थानं कुठी उपास मोडते?" आमच्याकडे निर्जळी एकादशीलाही तीर्थ चालतं. किती वाजता, विचारलं. दहाच्या सुमारास, म्हणाली. पानाचं मी तिला सांगितलं नाही.

बाबा घरी आले, आता मऊ भात खातात. डिस्चार्ज कार्ड शेजारच्या वकीलकाकांनी आईला वाचून दाखवलं. पाणी पाजल्याचं त्यातही होतं. तिनं मला एकदाच विचारलं, "इतकं सांगतलं होतं तुले, तरी पाणी कावून पाजलं वं?"

खरं सांगितलं तर ती त्यांना पुढच्या तपासणीला अमरावतीला जाऊ द्यायची नाही, पळी घेऊनच बसेल. मी आईला ओळखते. चुकलं माझं, म्हटलं.

पान कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. बाबांना त्या दिवसाचं काही आठवत नाही. ते जेवायला बसले की पाणी आई स्वतःच्या हातानं देते आणि मला बाहेरच्या खोलीत जायला सांगते.