अर्धा लाल ठिपका

क्लाइव्हने पस्तीस वर्षं ॲडलेडच्या सरकारी बस चालवल्या, आणि तेवीस वर्षं आम्हाला नेलं-आणलं. दर ऑगस्टात एका शनिवार-रविवारी आम्ही मित्रमंडळी मॅक्लारेन व्हेलला जायचो. तिथल्या वायनरींत वाइन चाखायची, त्यांच्या भिंतींवरची चित्रं बघायची, एखादं घर भाड्याने घेऊन राहायचं. क्लाइव्हची बायको ग्लेनिस मनापासून प्यायची, म्हणून क्लाइव्ह प्यायचा नाही. काउंटरच्या टोकाला किल्ल्या घेऊन उभा असायचा. कुणी ग्लास पुढे केला की म्हणायचा, "ड्यूटीवर आहे."

ग्लेनिस जानेवारीत गेली. ऑगस्ट जवळ आला तशी सूला मला म्हणाली, "यंदा गाडी तू चालव. यंदा तो पिणार." सूला ग्रीक आहे. तिच्याकडे दुःखातल्या माणसापुढे काहीतरी सरकवतात, ताट नाहीतर पेला. क्लाइव्हला विचारलं तर तो "बरं" म्हणाला. जानेवारीपासून तो सगळ्यालाच बरं म्हणत होता.

शनिवारी सकाळी तो माझ्या शेजारच्या सीटवर बसला. मागे सूला आणि तिचा नवरा नेव्हिल. वळण आलं की क्लाइव्हचा उजवा पाय पायपुसणीवर दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता.

द्राक्षांची छाटणी झालेली होती. काळ्या खुंटांच्या रांगा, आणि मधे पिवळ्या आंबुशीचा सडा. पहिल्या वायनरीबाहेर क्लाइव्हने आंबुशीचं एक देठ तोडून चघळलं. इथली सगळी पोरं लहानपणी चघळतात.

"आंबट?" मी विचारलं.

"असेल."

आत प्रत्येकापुढे पाच ग्लास मांडले गेले, चव लिहायला कागद आणि पेन्सिल दिली गेली. नेव्हिल निवृत्त औषधविक्रेता. वाइनबद्दल बोलताना तो अजून डॉक्टरची चिठ्ठी वाचल्यासारखा बोलतो. "मनुका. थोडी मिरी. मागून चामडं."

"चामडं कुणाचं ते पण सांग," सूला म्हणाली. "त्यापेक्षा गप्प पी ना."

ग्लेनिस असती तर तिने कागदावर 'सूलाच्या सासूचं कपाट' असं काहीतरी लिहिलं असतं. क्लाइव्ह पाचही वाइन प्यायला आणि पाचही नावांपुढे त्याने लिहिलं : ठीक. ठीक. ठीक. ठीक. ठीक. चाखलेली वाइन थुंकायचं भांडं त्याच्यासमोर होतं, पण ते कशासाठी असतं हे ठाऊक असूनही त्याला ते वापरायचं सुचलं नाही.

दुसऱ्या वायनरीत ग्लेनिसचं चित्र होतं.

ती तीस वर्षं चित्रं काढायची; विकलं एकही नाही. तिथल्या हॉलमध्ये ऑगस्टभर आसपासच्या हौशी लोकांची चित्रं लावतात. जूनमध्ये सूलाने क्लाइव्हला विचारलं होतं, एखादं लावू या का? तो बरं म्हणाला होता, आणि स्वयंपाकघरातलं, फ्रिजच्या वरच्या भिंतीवरचं चित्र उतरवून दिलं होतं. मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची फिरती तारांची छत्री, आणि तिच्यावर क्लाइव्हचा एकच निळा शर्ट, बसच्या नोकरीतला, उलटा टांगलेला. बाह्या खाली लोंबताहेत.

चित्राखालच्या चिठ्ठीवर लाल ठिपका होता, पण अर्धा. कात्रीने मधोमध कापलेला. पूर्ण ठिपका म्हणजे चित्र विकलं गेलं. अर्धा म्हणजे कुणीतरी राखून ठेवलंय.

"हे काय?" सूला काउंटरवरच्या ब्रॉनीकडे वळली. "हे विकायला नव्हतं."

ब्रॉनीने फॉर्म काढून दाखवला. किमतीच्या रकान्यात क्लाइव्हच्या बसड्रायव्हरी अक्षरात आकडा होता, खाली सही होती. "काल एक जोडपं आलं होतं. उद्या चारपर्यंत कळवतो म्हणालेत."

"मला वाटलं, फुटलं-बिटलं तर भरपाई म्हणून विचारताहेत," क्लाइव्ह म्हणाला.

"मग सांग ना तिला तसं!"

"सही आहे माझी."

"अरे, सही काय देवाची आहे? बायको तुझी, शर्ट तुझा!"

"बघू," तो म्हणाला, आणि पुढे ठेवलेला ग्लास संपवला. कागदावर लिहिलं : ठीक.

संध्याकाळी भाड्याच्या घरात नेव्हिलने शेगडी पेटवली. चीज, ऑलिव्ह, सूलाने घरून आणलेली पालकाची पोळी. तिघं बोलत होतो. क्लाइव्ह जिथे बसवला तिथे बसला होता. मधेच म्हणाला, "भिंतीवर चौकोन राहिलाय. बाकीची भिंत पिवळी पडलीये, तेवढाच पांढरा. चहा करताना तिकडेच बघतो मी."

सूलाने त्याच्या ताटात पोळीचा आणखी एक तुकडा वाढला.

"ते परत मागतो उद्या," तो म्हणाला.

आठ महिन्यांत त्याने मागितलेली ती पहिली गोष्ट.

रविवारी दुपारी आम्ही पुन्हा तिथे गेलो. ब्रॉनी चांगली मुलगी, पण तीही अडकली होती. "चारपर्यंत थांबायलाच लागेल हो. शब्द दिलाय त्यांना. नाही आले तर लगेच काढून देते."

"शब्द दिलाय तर थांबू," क्लाइव्ह म्हणाला. वेळापत्रक त्याला कळायचं.

आम्ही थांबलो. दाराशी गाडी वाजली की सूला मान वळवायची. एकदा एक तरुण जोडपं आत आलं आणि तिने ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटलं. ते संडास कुठे आहे विचारायला आले होते. क्लाइव्ह बाकावर बसून होता, हात मांडीवर, चित्राकडे न बघता. मला वाटलं तो भीत असेल. पण चेहऱ्यावर भीतीही नव्हती. शेवटच्या थांब्यावर रिकाम्या बसमध्ये बसतात, तसा बसला होता.

चारला दहा कमी असताना फोन वाजला. ब्रॉनी ऐकत राहिली, मग आमच्याकडे बघून हसली. फोन ठेवला.

"नको म्हणाले. सुटलात तुम्ही!"

सूलाने क्लाइव्हच्या पाठीत धपका घातला. नेव्हिल म्हणाला, "चला, आता एक बाटली."

ब्रॉनीने नखाने अर्धा ठिपका खरवडून काढला. "काढू का भिंतीवरून? कागदात गुंडाळून देते."

क्लाइव्ह उठला. "नको का म्हणाले?"

"अं? सोफ्यावर तो शर्ट बरा दिसणार नाही म्हणे. त्यांनी ते जेट्टीचं घेतलं."

"कुठलं जेट्टीचं?"

तिने बोट दाखवलं. क्लाइव्ह हॉलच्या त्या टोकाला चालत गेला. निळा समुद्र, लांब लाकडी जेट्टी, गुलाबी आकाश. तो त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मग परत आला.

"त्यात माणूसच नाही," तो ब्रॉनीला म्हणाला. "माणसाचा कपडासुद्धा नाही. पाणी रंगवायला काय लागतं? ग्लेनिस त्या शर्टाला सहा आठवडे बसली होती. मी तारेवरून काढला की ओरडायची. मी दुसरा घालून कामावर जायचो."

"सुंदरच आहे ते," ब्रॉनी घाबरून म्हणाली. "गुंडाळू ना?"

त्याने चित्राकडे बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. चौकटीचा डावा कोपरा बोटाने किंचित वर ढकलला.

"राहू दे. महिना कधी संपतो तुमचा?"

"एकतीसला."

"एकतीसला नेतो. तोवर लोकांना बघू दे. किंमत खोड, विकायचं नाही लिही. आणि हा खिळा तिरका आहे, तो सरळ कर."

"क्लाइव्ह," सूला म्हणाली, "भिंतीवरचा तो चौकोन—"

"राहील दोन आठवडे. कुठे जातोय."

परतताना तो माझ्या शेजारी बसला, वळणावळणावर नसलेला ब्रेक दाबत. सूला पेंगली. शहराचे दिवे सुरू झाले, पहिल्या सिग्नलला मी थांबले.

"जेट्टी!" क्लाइव्ह म्हणाला.

सिग्नल हिरवा झाला. तो पुढच्या काचेतून बघत राहिला.