रुसव्याचा सोपो

फोन वाजला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. हात माखलेले, म्हणून नातीने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे सुगंधा होती, चाळीस वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी. डिचोलीच्या बाजारात तिचं शिवणाचं दुकान आहे. म्हणाली, "बाई, इंदुबाई गेल्या... सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या, आणि गेल्याच." मी म्हटलं, "बरं." काय हा शब्द! ज्या बाईंनी मला माणसात आणलं, त्यांच्या जाण्यावर मी 'बरं' म्हटलं आणि पुन्हा बांगड्यांकडे वळले. रडू म्हणून आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशीही नाही. मी स्वतःवरच चिडले होते.

इंदुबाई आमच्या मुख्याध्यापिका. मूळच्या गोव्यातल्याच चोपड्याच्या, पण शाळा डिचोलीपलीकडे, खाणीच्या रस्त्यावर, म्हणून गावातच खोली घेऊन राहायच्या. मी साखळीहून ट्रेनिंग करून नव्यानेच तिथे लागले होते. गोवा तेव्हा राज्य व्हायचा होता, आणि मराठी की कोकणी या राजभाषेच्या वादाने घराघरांत तोंडं फिरलेली होती. शाळा भरायची ती भाड्याच्या एका जुन्या घरात. समोरून खनिजाचे ट्रक जायचे, आणि मुलांच्या पाटीपासून माझ्या पातळापर्यंत सगळं तांबडं. इंदुबाई बुटक्या, जाड भिंगांच्या, आणि आवाज असा की ट्रकवाल्याने हॉर्न आवरावा. त्या घराला पुढे बलकांव, म्हणजे उघडा व्हरांडा होता आणि त्याच्या कडेला चिऱ्याचा सोपो, म्हणजे आपल्याकडे घरापुढे बांधलेली बसायची जागा असते ना, ती. इंदुबाईंनी त्याला नाव दिलं होतं, रुसव्याचा सोपो.

ज्याचं मन थाऱ्यावर नाही त्याने वर्गातून उठावं आणि तिथे जाऊन बसावं. परवानगी लागत नसे. कोणीही 'काय झालं' म्हणून विचारायचं नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या कुणीतरी शेजारी जाऊन बसायचं आणि एवढंच विचारायचं, "आयज नुस्तें कितें?" आज मासा कुठला. मग बांगडे, सुंगटं, तिसऱ्या, कालवणात त्रिफळं पडली की नाही... बोलता बोलता रुसलेलं पोर आपोआप हलकं व्हायचं. सांगावंसं वाटलं तर सांगायचं, नाहीतर उठून वर्गात. मुलांचं बघून मोठी माणसंही येऊ लागली. भाषेवरून वर्षभर अबोला धरलेले आमचे गुरुजी आणि शेजारचे दुकानदार एकदा त्या सोप्यावर टोकाटोकाला बसलेले मी पाहिले. नुस्त्यावरून सुरुवात झाली, तिसऱ्यांच्या सुक्यात खोबरं किती यावर पुन्हा भांडण! पण अबोला सुटला ना.

मला हे सगळे थेर वाटायचे. अंगात नुसती शिस्त. सुगंधा तेव्हा माझ्या दुसरीच्या वर्गात. तिचे आईबाप बेळगावकडून खाणीवर कामाला आलेले. पोर रोज उशिरा यायची. एके दिवशी माझं टाळकं सरकलं. "जा, त्या सोप्यावर बस तासभर! म्हणजे वेळेची अक्कल येईल!" ती गेली. सगळ्या शाळेने बघितलं. दुसऱ्या दिवसापासून सुगंधा वेळेवर येऊ लागली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पंधरा दिवस गेले, तेव्हा इंदुबाईंनी मला बलकांवात बोलावलं. "बाये, तुझी ती सुगंधा उलयना गो. कुणाशीच. तुका कळलें?"

मला कळलं नव्हतं. गप्प पोर म्हणजे शहाणी पोर, एवढंच मला ठाऊक. बाई पुढे म्हणाल्या, "आणि सोप्याचेर एकूय भुरगें बसूंक ना." खरंच, सोपो रिकामा होता. परवा आई दवाखान्यात म्हणून एक मुलगी संडासामागे जाऊन रडली, पण सोप्यावर बसली नाही. पोरांच्या लेखी ती आता शिक्षेची जागा झाली होती. सुगंधाच्या उशिराचं कारणही इंदुबाईंनीच शोधलं. आई पहाटे खाणीवर जायची, मागे तान्ह्या भावाला निजवून, शेजारणीकडे सोपवून ही निघायची. आता वेळेवर यायचं म्हणून त्याला रडता टाकून येत होती. माझी मान वर होईना. "बाई, मी तिची माफी मागते." त्या म्हणाल्या, "माफी माग. पूण आतां तूंच बस थंय. रोज मधल्या सुटयेंत. कोण येता पळोवया." कोण येतं ते बघूया म्हणे.

बसले! काय सांगू, सगळी शाळा बघत होती. पोरं लांबून जायची, खांबाआडून डोकवायची, पळायची. पहिल्या दिवशी इंदुबाई स्वतः आल्या, शेजारी टेकल्या आणि सोप्याची गोष्ट सांगितली. नवऱ्याचे दिवस झाल्यावर त्या शाळेत आल्या, पण पाय वर्गात जाईनात. तिथेच बसून राहिल्या. शिक्षक, पालक, सगळे मान खाली घालून बाजूने जायचे. शेवटी पहिलीतली एक चिमुरडी शेजारी बसली आणि म्हणाली, "बाई, आयज नुस्तें कितें?" "दुखवट्यांतल्या घरांत नुस्तें खंयचें गो? पूण हांव हांसलें. इतल्या दिसांनी हांसलें!" सांगतानाही त्या हसत होत्या, भिंगांखालून डोळे पुसत. मी सुगंधाची माफी मागितली होती, तिच्या आईला भेटून उशिरा येण्याची सूटही दिली होती. पण पोर माझ्याकडे बघत नव्हती.

नवव्या दिवशी ती आली. सोप्याच्या टोकाला टेकली, पाय हलवत राहिली. शेवटी म्हणाली, "बाई, आज मासं कुठलं?"

"आज मासे नाहीत गं. डाळ-भात."

"आमच्यात मासं खाईतच न्हाईत," ती म्हणाली. "पर सगळी इचारत्यात, म्हणून म्या बी इचारलं." आणि मग जी सुटली... भाऊ, भाकरी, आई, शेजारणीची कोंबडी! सुट्टी संपल्याची घंटा बराच वेळ झालीच नाही. इंदुबाईंनी ती मुद्दाम उशिरा वाजवली होती, हे मला त्यांनी निवृत्तीच्या दिवशी सांगितलं.

बाराव्याला मी आणि सुगंधा चोपड्याला गेलो. बाईंच्या घरालाही सोपो आहे. निवृत्तीनंतर त्या संध्याकाळी तिथेच बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नुस्तें विचारायच्या. मी तिथे जाऊन टेकले. लोक येत होते, माझ्याकडे बघून मान खाली घालून आत जात होते. डोळे कोरडे ठणठणीत. तेवढ्यात सुगंधा आली, साडी सावरत शेजारी बसली. केस पांढरे झालेत तिचेही. मला काय होतंय हे तिने विचारलं नाही. थोडा वेळ पाय हलवत बसली आणि त्या भरल्या दुखवट्याच्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बाई, आज मासं कुठलं?"

दारातली माणसं वळून बघायला लागली. मी हसले. मोठ्याने हसले, आणि हसता हसताच मला रडू आलं.